देव मानत नाही, पण गाडगेबाबा सोडवत नाहीत

नदीपल्याड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते इथे मांडतो. घरात हा विषय काढला की एका बाजूला आई रागावते आणि दुसऱ्या बाजूला मुलगा.

मी देव मानत नाही. विशीत सुटला, नंतर त्याची गरज वाटली नाही. लग्न नोंदणी पद्धतीने केलं, वडील गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं. तरीही लोक ज्यांना संत म्हणतात असा एक माणूस माझ्या मनातून हलत नाही. गाडगे महाराज. कामावर जाता-येता त्यांच्या नावाच्या पुलावरून गाडी जाते, इथे नाशिकला गोदाकाठी त्यांची धर्मशाळा दिसते, आणि रोज तोच प्रश्न पडतो: या माणसाला मी 'आपला' म्हणू शकतो का?

आम्ही विवेकवादी मंडळी बाबांना फार सोयीने वापरतो. भाषणात सत्यनारायणाचा किस्सा हमखास येतो. पोथीतला सत्यनारायण साधुवाण्याची बुडालेली नौका वर आणतो ना, मग महायुद्धात बुडालेली जहाजं त्याच्याकडून वर काढून घ्या की! सभा हसते, टाळ्या पडतात. पण ज्या कीर्तनात ते असं बोलायचे, त्याच कीर्तनात हजारो माणसं त्यांच्या मागून 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला' म्हणत असायची. तो गजर आम्ही गाळून टाकतो. बाबांनी तो कधीच गाळला नाही.

दुसरं म्हणजे त्यांनी धर्मशाळा बांधल्या कुठे? पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक. तीर्थात धोंडा आणि पाणी याशिवाय काही नाही असं सांगणाऱ्या माणसाने तीर्थाला येणाऱ्यांचीच सोय केली. मध्यंतरी विदर्भातले आमचे नातेवाईक अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. पिंडदान, कावळ्याची वाट बघणं, सगळं झालं. मुक्काम कुठे, तर बाबांच्या धर्मशाळेत. मेलेल्याला भात घालण्यापेक्षा जिवंत आईबापांना घाला, असं घसा फोडून सांगणाऱ्याच्या छपराखाली! मला हे खुपलं. त्याच वेळी दिसत होतं की हॉटेल परवडणार नाही अशी ती माणसं होती आणि रात्री त्यांना डोक्यावर छप्पर मिळालं होतं.

सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. बाबांच्या श्रद्धेतून उभी राहिलेली दारं त्यांच्या मागे सत्तर वर्षं होत आली तरी परक्या माणसाला उघडी आहेत. आम्ही देव न मानणाऱ्यांनी असं एक तरी दार बांधलं का?

तुम्हाला काय वाटतं? आस्तिक, नास्तिक, कुंपणावरचे, सगळ्यांनी लिहा. फक्त एकमेकांच्या अंगावर जाऊ नका.


बुधवार_बाजार

वाचतोय. बाजारातून भाजी घेऊन येता-येता त्या धर्मशाळेकडे हजार वेळा पाहिलं असेल, असा विचार कधी केला नव्हता.


माळकरी_त्र्यंबक

राम कृष्ण हरी. प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तरही तसंच देतो.

तीर्थात धोंडा आणि पाणी, हे बाबांचं नव्हे. तुकोबांचं आहे. 'तीर्थीं धोंडा पाणी । देव रोकडा सज्जनीं ॥' तुम्ही ज्याला नास्तिकतेकडे झुकलेलं बोलणं समजता ते आमच्या परंपरेत तीनशे वर्षं आधीपासून आहे, आणि ते म्हणणारा माणूस विठोबाच्या प्रेमाने वेडा झालेला होता. बाबा कीर्तनात विचारायचे, तुमच्या देवाला आंघोळ कोण घालतं? लोक म्हणायचे, आम्ही. धोतर कोण नेसवतं? आम्ही. नैवेद्यावर कुत्रं आलं तर हाकलतं कोण? आम्हीच. हे ऐकून तुमच्या मित्रांना वाटतं की देवाची टिंगल चालली आहे. माळकऱ्याला त्यात देव नीट दाखवणं दिसतं. आंघोळ घालायची तर अनाथ लेकराला घाल, जेवू घालायचं तर भुकेल्याला घाल, देव तिथे उभा आहे, हे त्याचं पुढचं टोक आहे. पुढचं टोक कापलं तर मागे फक्त विनोद उरतो.

गोपाळ वजा करून जे उरेल ते चांगलं असेलही. पण ते गाडगेबाबा नसतील. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला या, अनवाणी चालणारी माणसं बघा, मग बोलू.


नदीपल्याड

माळकरी, तुकोबांच्या ओळीबद्दल आभार. माझा आक्षेप नेमका आमच्या त्या कापाकापीवरच आहे, तेव्हा आपण फार लांब नाही. यात्रेला येईन. दर्शनाच्या रांगेत उभा राहणार नाही, चालेल ना?


माळकरी_त्र्यंबक

बाबा स्वतः पंढरपुरात देवळाच्या आत जात नसत, बाहेर झाडत असत असं सांगतात. तेव्हा तुम्हाला रांगेचा आग्रह कोण करणार!


सूर्यकांत_निवृत्त

मी सत्तरी पार केलेला कट्टर नास्तिक आहे. या गोडगोड सलोख्यात मला मीठ टाकू द्या.

देवळाच्या दारात उभं राहून भटजीला चार शब्द सुनावायचे आणि देऊळ मात्र जसंच्या तसं उभं ठेवायचं, ही संतांची रीत आपण आठशे वर्षं बघतो आहोत. सुधारक संत येतो, लोक रडतात, हसतात, आणि तो गेला की त्याचंच देऊळ बांधतात. बाबा म्हणायचे, मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही. पाया पडू पाहणाऱ्यांवर ते चिडत. आज काय चाललंय? अमरावतीला समाधिमंदिर आहे, तसबिरीला हार आहे, आरती आहे. यात दोष लोकांचा आहे असं म्हणून सुटता येत नाही. 'देवकीनंदन गोपाला' म्हणायला शिकवलं की लोक उद्या 'गाडगेबाबा गोपाला' म्हणणारच. भजनाची सवय माणसाला विचारापासून वाचवते.

आदर मलाही आहे. पण त्यांना विवेकवादी ठरवायची धडपड सोडा. डॉ. श्रीराम लागूंनी पडद्यावर गाडगेबाबा उभे केले आणि जीव ओतून केले. त्यासाठी ते आस्तिक झाले नाहीत, आणि बाबांना नास्तिक ठरवायचीही त्यांना गरज पडली नाही. देवाला रिटायर करा असं जाहीर लिहिणारा तो माणूस होता. दोघांमधलं अंतर राखून प्रेम करता येतं.


खिचडी_स्पेशल

सूर्यकांत काका, तुमचं शेवटचं वाक्य पहिल्या परिच्छेदाशी भांडतंय. पण पटलं. 👍


वऱ्हाडी_पाहुणा

मी अमरावती जिल्ह्यातला, नोकरीसाठी सिडकोत राहतो. तुम्ही सगळे बाबांना नाशिकचे करून टाकताय, म्हणून मुद्दाम लिहितो. बाबा आमच्या शेणगावचे! आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. ते सांगायचे, "बाबा गावात आले की आदी झाडू हाती घेत. आमी सारे लाजून मांगं मांगं झाडत जाओ. रातच्याले कीर्तन. बाबा इचारत, कर्ज काहाडून सन कराचा का? आमी म्हनो, नाई! बकरं कापाचं का? नाई! आन दुसऱ्या दिसी कोनी कापलं त साऱ्या गावाले लाज वाटे."

यात विश्वास-अविश्वासाचा प्रश्न आजोबांच्या मनातही आला नसेल. त्यांना भाषा कळली. बाबा आमच्या बोलीत बोलायचे, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस शाळेत घाला म्हणून सांगायचा. व्याख्यानाने हे झालं नसतं.

आणि दारू-कर्जाबद्दल ते एवढे तळमळून का बोलत, तेही बघा. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखूबाई पोराला घेऊन दापुऱ्याला भावाकडे आली, आणि त्या मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. पोथी वाचून आलेलं ज्ञान नव्हतं ते.


देवळालीगावची

इथे आतापर्यंत सगळे पुरुष बोलले आहेत असं दिसतंय, म्हणून कुणी न विचारलेलं विचारते. बाबांच्या बायकोचं, कुंताबाईंचं काय?

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री डेबूजी, म्हणजे बाबा, घर सोडून गेले. घरात म्हातारी आई, बायको, लेकरं. ही गोष्ट आपण शाळेत वैराग्याची म्हणून शिकलो. मी ती बाईच्या बाजूने वाचायला लागले तेव्हापासून घशाखाली उतरत नाही. पुढे १९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेला. बाबा कीर्तनात होते. बातमी कळली, कीर्तन थांबलं नाही. 'असे मेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी.' या ओळीवर लोक हळहळतात, डोळे पुसतात. मला विचारायचं आहे, त्या एकासाठी त्याची आई रडली असेल ना? तिचं रडणं कुठल्या कीर्तनात आलं?

आणि बाबांचा तो शिक्षणाचा उपदेश घ्या. जेवायचं ताट मोडा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, मोडक्या घरात राहा, पण मुलाला शाळेत घाला. माझ्या आजीला हे पाठ होतं आणि तिने तसंच केलं. माझे वडील शिकले, म्हणून मी शिकले, म्हणून आज इथे लिहिते आहे. त्या लुगड्याचे पैसे माझ्या शिक्षणात आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण नवऱ्याने तंबाखू कमी करावी, मुलगा आणि मुलगी दोघांना घालावं, असा उपदेश आजीच्या कानावर आला असता तर आत्याही शिकली असती. आत्या चौथीतून घरी बसली.

ज्यांच्यामुळे मी उभी आहे त्यांच्यावरच हा माझा राग आहे. धागाकर्त्यांना जे देवावरून होतं ते मला या एका लुगड्यावरून होतं.


माळकरी_त्र्यंबक

ताई, तुमचं बोलणं मनाला लागलं. एक सांगतो, बचाव म्हणून नाही. घर सोडण्याआधी पहिल्या मुलीच्या, आलोकाच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची होती. डेबूजींनी भाऊबंदांचा रोष पत्करून गोडाचं जेवण घातलं. मुलगी झाली म्हणून पंगत घातली, हेही त्यात आहे. आणि पुढे धर्मशाळांमधला एक पैसाही घरच्यांकडे जाऊ दिला नाही. आजच्या महाराजांची मुलं कुठल्या गाड्यांतून फिरतात ते बघितलं की याची किंमत कळते.


देवळालीगावची

तो पैसा घरी गेला नाही याचा मान बाबांना मिळाला. तो नसल्याचे हाल कुंताबाईंनी काढले. दोन्ही एकाच हिशेबात लिहा, एवढंच म्हणते.


खिचडी_स्पेशल

👆 यावर बोलायला माझ्याकडे काही नाही. ताई, पूर्ण लेख लिहा ना यावर.


निळी_पाटी

जय भीम. मी इथलाच, वडील नोटप्रेसमध्ये होते.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. आमचे आजोबा दादासाहेब गायकवाडांच्या मागे उभं राहणाऱ्यांतले. पाच वर्षं दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. हे मी इतिहास उगाळायला लिहीत नाही. आमच्या घरात संत या प्रकाराबद्दल जो थंडपणा आहे तो कुठून आला ते कळावं म्हणून लिहितो.

पण गाडगेबाबांची तसबीर आमच्या घरात होती आणि आहे. कारण सांगतो. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना थांबायला जागा नव्हती म्हणून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. आणि १९४९ मध्ये ती अख्खी इमारत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंची जागा विद्यार्थ्यांना! धागाकर्ते विचारतात की धर्मशाळा तीर्थावरच का बांधल्या. माणसं जिथे हाल काढत होती तिथे बांधल्या, आणि वेळ आली तेव्हा त्याच धर्मशाळेचं वसतिगृह होऊ दिलं. हा निर्णय भाबड्या भक्ताचा नाही. कोण काय करतोय याची त्यांना पुरती जाण होती. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, बाबा २० डिसेंबरला. आमच्याकडे वडीलधारे म्हणायचे, बाबासाहेब गेल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं.

आता खटकणारी बाजू. खराटा. २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान बाबांच्या नावाने सुरू झालं, गावं खरंच सुधारली, शौचालयं झाली, ते नाकारत नाही. पण प्रत्येक सरकारी कागदावर बाबा म्हणजे खराटा एवढेच उरले. परीट समाजात जन्मलेल्या माणसाने आपल्या मर्जीने खराटा उचलला आणि पाटलालाही उचलायला लावला, म्हणून ते बंड होतं. आमच्या लोकांच्या हातात तो जन्मतः ठेवला होता. साहेब लोक वर्षातून एकदा हातमोजे घालून फोटो काढतात आणि गटारात उतरणारा माणूस अजून त्याच वस्त्यांतून येतो. बाबांचं कीर्तन आज झालं तर पहिला सवाल हाच असेल, याची मला खात्री आहे.


बुधवार_बाजार

निळी_पाटी, चोखामेळा धर्मशाळेचं मला माहीतच नव्हतं. शाळेत आम्हाला फक्त फुटकं गाडगं आणि चिंध्या शिकवल्या.


सूर्यकांत_निवृत्त

निळी_पाटी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. धर्मशाळा वसतिगृहाला देणारा माणूस देऊळ उभं ठेवणाऱ्यांत मोजता येणार नाही. आरतीबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.


पूर_मापक

थोडं विषयांतर. पुलाचं नाव निघालंच आहे म्हणून. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की टीव्हीवाले पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे कॅमेरा लावतात, पाणी छातीला आलं, गळ्याला आलं. आम्ही खालच्या अंगाला राहणारे गाडगे महाराज पुलाकडे बघतो. पुलाखालच्या टपऱ्या हलायला लागल्या की सराफ बाजारात धावपळ सुरू होते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आमच्या घरात गोपाला गोपाला सुरू, आस्तिक-नास्तिक सगळे मिळून सामान माळ्यावर चढवतात. 😀


गंगेवरचा

पुराचं निघालं तर घाटाचंही निघू दे. रामकुंडावर रोज किती कपडे, प्लास्टिक, फुलं, राख पडते ते मी बघतो. निर्माल्य कलश भरून वाहतात. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. त्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून केवढं रान पेटलं ते आठवत असेल. लाखो माणसं येणार, त्यांची आंघोळ, जेवण, शौच, सगळं एका नदीच्या काठी. बाबा जत्रेत जायचे ते दर्शनाला नाही, जत्रा संपल्यावर मागे राहिलेली घाण काढायला. सिंहस्थाच्या नियोजनात अशा माणसाचा विचार हवा, फक्त पुलाला नाव पुरत नाही.


खिचडी_स्पेशल

सिंहस्थावर वेगळा धागा काढा हो, नाहीतर हा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि मूळ प्रश्न पुरात वाहून जाईल.


अंनिस_जुना_कार्यकर्ता

मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्यावर कापाकापीचा आरोप झालाय, त्याला उत्तर द्यायला हवं.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आम्ही देव आहे की नाही या वादात पडत नाही. डॉ. दाभोलकरांची भूमिका स्पष्ट होती, देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. त्यामुळे गाडगेबाबांचं नाव घेताना आम्हाला गोपाळ लपवावा लागत नाही. काही वक्ते लपवतात, ते चूकच. पण बाबांची सामाजिक शिकवण पुढे नेण्याचा हक्क फक्त माळकऱ्यांचा नाही. जात पंचायतींच्या विरोधातली मोहीम २०१३ मध्ये याच नाशिकमधून सुरू झाली, आणि पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आला. वाळीत टाकलेल्या कुटुंबांशी बोलायला मी गावोगाव गेलो आहे. कायद्याचं कलम सांगितलं की लोक मान डोलावतात, पण पुढे येत नाहीत. कीर्तनात बाबा काय सांगायचे ते सांगितलं की मागे बसलेली एखादी म्हातारी उठून बोलायला लागते. हा वापर नाही. ती त्या लोकांचीच शिदोरी आहे, मी फक्त सोडून दाखवतो.

आणि 'नास्तिकांनी काय बांधलं' या प्रश्नाचा मला राग येतो, खरं सांगतो. नास्तिक म्हणून पाटी लावून कुणी दवाखाना काढत नाही. ग्रंथालयात, रक्तपेढीत, कामगार संघटनेत देव न मानणारी माणसं आयुष्य घालवतात. त्यांनी दारावर नाव लावलं नाही म्हणून दार नव्हतं असं होत नाही.


नदीपल्याड

तुमचा राग योग्य जागी आहे. पण माझा प्रश्न पाटीचा नव्हता. रात्री अकराला, अनोळखी शहरात, हातात रिपोर्टची पिशवी घेऊन उतरलेल्या माणसाला पत्ता सांगायचा झाला तर मी कुणाचा सांगतो? बाबांचा. याची मला अडचण वाटते, आणि त्याबद्दल कृतज्ञताही वाटते.


पेठ_रोड

रिपोर्टच्या पिशवीचं वाचलं म्हणून लिहिते. एरवी मी फक्त वाचते.

आईला कॅन्सर निघाला तेव्हा इथल्या डॉक्टरांनी टाटाला न्यायला सांगितलं. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. लॉजचं भाडं दोन दिवसांत परवडेनासं झालं. मग गाडगे महाराज मिशनची दादरची धर्मशाळा कळली. बाबांच्या मागे त्यांच्या माणसांनी चालवलेली. जेजेच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी तर बाबांनी स्वतःच्या हयातीत बांधली होती.

तिथे बंगालहून, बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं होती. शेजारच्या खाटेवर एक मुस्लिम बाई होती, तिच्या नवऱ्याची केमो चालू होती. आम्ही एकमेकींचे डबे खाल्ले. मला कुणी जात विचारली नाही, देव मानता का विचारलं नाही, भजनाला बसा म्हटलं नाही. भिंतीवर बाबांचा दशसूत्री संदेश लिहिलेला: भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला रोजगार, मुक्या जनावराला अभय, गरिबाच्या मुलामुलीचं लग्न, दुःखी माणसाला हिंमत. आई ती यादी रोज वाचायची. तिनेच माझ्या लक्षात आणून दिलं की यात देवाचं नाव कुठेच नाही. आई पक्की देवभक्त होती, तिला ते थोडं विचित्र वाटलं होतं.

आई राहिली नाही. मी आजही देव मानते की नाही हे मला सांगता येत नाही. पण धागाकर्त्यांचं नातेवाइकांबद्दल वाचून एवढं लिहावंसं वाटलं: अस्थी घेऊन आलेली माणसं म्हणजे कदाचित आमच्यासारखीच, दवाखान्यातून थेट रामकुंडावर आलेली असतील. त्यांनी कुठला विधी केला त्यावरून बाबांनी त्यांना दार लावलं असतं असं मला वाटत नाही.


वऱ्हाडी_पाहुणा

ताई 🙏


देवळालीगावची

पेठ_रोड, तुझं वाचून आतून हलले. माझा राग आहे तिथेच आहे, पण त्याच्या शेजारी हेही ठेवते आता.


सुरगाण्याचा_मास्तर

मी मिशनच्या एका आश्रमशाळेत शिकलो, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आम्ही कोकणा आदिवासी. आमचे देव वेगळे, डोंगऱ्या देव, वाघ्या देव. शाळेत सकाळी बाबांची प्रार्थना असायची, गोपाला गोपाला आम्ही पण म्हणायचो. तेव्हा काही वाटलं नाही. आता कधी कधी वाटतं की आमच्या देवांना त्या प्रार्थनेत जागा नव्हती. पण ती शाळा नसती तर मी दहा वर्षांचा असताना द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला गेलो असतो, जसा माझा मोठा भाऊ गेला. भाऊ आजही पिंपळगावला मजुरीला जातो.

इथे नास्तिक आणि माळकरी बोलले, तिसरा आवाज म्हणून माझा घ्या. बाबांचा वारसा आमच्याकडे भात-वरण, गणवेश आणि पाटी-पेन्सिल होऊन आला. सोबत गोपाळ आला. मी माझ्या मुलांना दोन्ही सांगतो, कुठला देव आपला आणि कुठली शाळा आपली.


माळकरी_त्र्यंबक

मास्तर, तुमच्या देवांना प्रार्थनेत जागा नव्हती हे वाचून वाईट वाटलं. विठोबा हा सुद्धा गुराख्यांचा, रानातला देव असं जाणकार सांगतात. त्याला तुमच्या डोंगऱ्या देवाची अडचण व्हायचं कारण नव्हतं. अडचण शाळा चालवणाऱ्यांना झाली असेल.


नदीपल्याड

सगळ्यांचे प्रतिसाद सावकाश वाचले. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

पेठ_रोड, तुमच्या आईने वाचलेल्या यादीवर मी बराच वेळ थांबलो. आमच्यातला कुणी तिचा लगेच पुरावा करेल: बघा, दहा कलमांत देव नाही, म्हणजे बाबा आमचेच. मी ते करणार नाही. यादीत देव नाही, पण ती यादी अमलात आणायला पन्नास वर्षं अनवाणी फिरायचं बळ ज्या माणसात होतं, तो माणूस रोज रात्री गोपाळाला हाक मारत होता. ते बळ गोपाळाने दिलं असं मी मानत नाही. त्याला तसं वाटत होतं, हे मात्र मी मानतो आणि यापुढे सांगताना गाळणार नाही. माझ्या भाषणात सत्यनारायण येईल तेव्हा गजरही येईल.

'आपला' म्हणायचं का, याचं माझं उत्तर सध्या 'नाही' असं आहे. बाबा माझ्या विचाराचे नव्हते. निळी_पाटी यांनी सांगितलेली चोखामेळा धर्मशाळा, देवळालीगावची यांची आत्या, मास्तरांचे डोंगऱ्या देव, हे सगळं घेऊन मी त्यांचा ऋणी आहे. ऋणी असायला एका विचाराचं असावं लागत नाही. सूर्यकांत काकांनी लागूंबद्दल लिहिलं ते मला इथे उपयोगी पडलं.

राग येतो तो अजून येतोच. आरतीचा येतो, हातमोज्यांच्या फोटोंचा येतो, कुंताबाईंचं नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतं त्याचा येतो. रामकुंडावर पिंडाच्या भाताभोवती माणसं कावळ्याला हात जोडतात तेव्हा येतो. पण तिथून उठून ती माणसं जिथे झोपायला जातात, त्या छपराबद्दल मी जे सुरुवातीला लिहिलं तसं मला आता वाटत नाही.

अंनिस कार्यकर्त्यांना एक विचारायचं होतं. तुम्ही वाळीत टाकलेल्या कुटुंबांचं लिहिलंत. अशी कुटुंबं कोर्टाच्या तारखेला नाशिकला येतात तेव्हा राहतात कुठे?


अंनिस_जुना_कार्यकर्ता

कार्यकर्त्यांच्या घरी. माझ्या घरी पण राहिली आहेत. कधी जागा नसली की धर्मशाळेत पाठवतो. हो, त्याच.

एक खोली कायमची बघायची असं आमच्यात बोलणं चालू आहे. जुन्या नाशकात, बस स्टँडपासून चालत जाता येईल अशी. भाडं जमलं नाही अजून.


निळी_पाटी

भद्रकालीत ओळखीच्यांची एक खोली रिकामी आहे. जात न विचारता देतील, मी बोलतो. किती भाडं बसेल ते कळवतो.


पेठ_रोड

अंथरूण-पांघरूण आणि स्टोव्ह माझ्याकडून. आईच्या वेळचं सगळं धुऊन ठेवलेलं आहे.


देवळालीगावची

मी पण आहे भाड्यात. बायका एकट्या आल्या तर आतून कडी नीट लागते का ते आधी बघा. आणि खोलीला नाव द्यायचं झालं तर कुंताबाईंचं द्या.


माळकरी_त्र्यंबक

महिन्याचं धान्य आमच्या दिंडीकडून. नावाला माझा पाठिंबा. भिंतीवर गोपाळाची तसबीर लावायची का, यावर मात्र नदीपल्याडांशी भांडणार आहे.


नदीपल्याड

भांडा. माझं म्हणणं आहे की भिंत रिकामी ठेवू, येणाऱ्याने आपला देव आणावा किंवा आणू नये. मास्तरांच्या डोंगऱ्या देवालाही जागा राहील. निळी_पाटी, भाड्याचं कळलं की इथेच टाका.